पुढच्याचा हक्क

फ्रान्सच्या आल्प्समध्ये 'त्रुआ व्हाले', म्हणजे तीन दऱ्या, नावाचा मुलूख आहे. तिथे स्कीइंगच्या सुमारे ६०० किलोमीटर वाटा रोपवेने एकमेकींना जोडल्या आहेत. हिरवी वाट नवशिक्यांची, मग निळी, लाल आणि सर्वांत अवघड ती काळी.

पण हा रंग उताराचा, माणसाचा नव्हे. संध्याकाळी गावाकडे परतताना काळ्या वाटेवरून सुसाट आलेला तरुण आणि सकाळीच पहिल्यांदा स्की बांधलेल्या आजीबाई एकाच अरुंद उतारावर येतात. तिथे चालतो आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम : हक्क पुढच्याचा, सांभाळायचे मागच्याने. आजीबाईंना पाठीला डोळे थोडेच असतात! आपल्या घाटांत हॉर्न वाजवून वाट मागणाऱ्यांना हे जरा जडच जाईल म्हणा.

नवशिक्याला आधी शिकवतात ते थांबणे. स्कीची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची. आतल्या कडा बर्फात रुतल्या की वेग मोडतो. थांबायचे मात्र वाटेच्या कडेला, उंचवट्याआड कधीच नाही.

आणि कुणी जखमी झालेच, तर त्याच्या वरच्या अंगाला दोन स्की फुलीसारख्या रोवतात. ती फुली पाहून वरून येणारे वेग आवरतात आणि लांबून वळतात.