धूम्रपान आणि आमवात



धूम्रपानाने कर्करोग होतो, हे सर्वज्ञात आहे. सांध्यांच्या एका दुर्धर विकाराशीही त्याचे नाते आहे, याकडे आज आपले लक्ष वेधू इच्छितो. मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. वाचनातून जे उमगले तेच निवेदन करतो.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अर्थात आमवात, या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तंबाखूच्या धुराने फुप्फुसांतील काही प्रथिनांचे रूप पालटते. काहींच्या शरीरास ती परकी भासतात व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. सांधे दुखू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे ती रक्तात असू शकतात. अँटी-सीसीपी चाचणीत ती आढळतात.

स्वीडनमधील एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. विशिष्ट जनुकरूप माता व पिता या दोहोंकडून लाभलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत, अशा प्रतिपिंडांसह होणाऱ्या आमवाताचा धोका २१ पट आढळला. तुलना होती ते जनुकरूप नसलेल्या व धूम्रपान न करणाऱ्यांशी.

जनुकांचा वारसा नाकारता येत नाही. विडी-सिगारेट नाकारता येते. ती सोडल्यावर धोका घटतो, पण सावकाश, वर्षानुवर्षांनी. शिवाय रोग जडल्यावर धूम्रपान करणाऱ्यांस मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुणही कमी येतो. म्हणून ज्यांच्या घरी आमवाताचा रुग्ण आहे, त्या तरुणांनी बोटे आखडण्याची वाट पाहू नये. आजच विडी-सिगारेट सोडावी, ही नम्र विनंती.