गवती चहाचे तेल आणि पिंपातील अळ्या



डासांच्या अळ्या मारण्यासाठी रासायनिक विषांऐवजी वनस्पतींची सुगंधी तेले वापरावीत, हा विचार मोठा आकर्षक आहे. गवती चहा परसात उगवतो, निगडी बांधावर वाढते, तुळस दारोदार आहे. मग ग्रामपंचायतीने बाहेरच्या औषधासाठी पैसे का मोजावेत, असा प्रश्न बिरवाडीत कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु प्रश्न रास्त असला म्हणजे त्याचे सोयीचे उत्तरही रास्त ठरते, असे नव्हे. त्यासाठी हिशेब करावा लागतो.

प्रथम या भागाची स्थिती. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांनी महाड परिसर बुडवला. त्याच दिवसांत तळिये गावावर दरड कोसळली. पूर ओसरतो तेव्हा मागे चिखल राहतो, आणि चिखलाबरोबर फुटके हंडे, टायर, पत्रे, उघड्या टाक्या यांत साचलेले पाणीही राहते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. हिवतापाचे डास ओढ्यांत, भातखाचरांत, विहिरी-टाक्यांत वाढतात. गटारातल्या घाण पाण्यात तिसराच डास. म्हणजे 'डास मारा' असा एकच हुकूम काढून भागत नाही. कोणता डास, कोणते पाणी, हे आधी विचारावे लागते. धूर सोडणारे यंत्र रस्त्यावरून फिरवल्याने पुढाऱ्यांची छायाचित्रे निघतात, पण पिंपातल्या अळीला त्या धुराची वार्ताही नसते.

विषांवरचा अविश्वास निराधार नाही. स्वतंत्र भारताने १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली, १९५८ मध्ये निर्मूलनाचे ध्येय जाहीर केले. दिल्लीत डीडीटीचा सरकारी कारखाना निघाला. पुढे याच जिल्ह्यात रसायनी येथे सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना उभा राहिला. मोहिमेपूर्वी वर्षाला साडेसात कोटी माणसे हिवतापाने आजारी पडत असा अंदाज होता. १९६५ मध्ये नोंद झालेले रुग्ण सुमारे एक लाख उरले. हे यश खोटे नव्हते. परंतु १९७६ मध्ये हाच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. डासांनी विष पचवायला शिकून घेतले होते, आणि विजय झाला असे समजून यंत्रणा ढिली पडली होती. यांपैकी दुसरे कारण अहवालांत जरा हळू आवाजात सांगितले जाते. अळीनाशक टेमेफॉसची कथाही निराळी नाही. ब्राझील आणि थायलंडमध्ये डेंग्यूच्या डासाने त्यालाही दाद देणे कमी केले.

अशा वेळी शास्त्रज्ञ वनस्पतींकडे वळले. गवती चहाच्या तेलातील सिट्राल, तिखाडीतील जेरॅनिऑल, दालचिनीच्या पानांतील युजेनॉल ही द्रव्ये अळीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. एका तेलात अनेक द्रव्ये एकत्र असल्याने डासाला त्याविरुद्ध प्रतिकार कमावणे अवघड जाते, असाही दावा केला जातो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी तिथल्या दालचिनीच्या पानांच्या तेलाने लिटरला पन्नास मिलिग्रॅमहून कमी मात्रेत, चोवीस तासांत निम्म्या अळ्या मेल्याचे प्रसिद्ध केले. येथे 'निम्म्या' हा शब्द डोळ्यांआड करू नये. प्रयोगशाळेतले हे माप तेलांची तुलना करण्यासाठी असते. गावाला उरलेल्या निम्म्या अळ्याही नको असतात.

आता हिशेब. दोनशे लिटरच्या पिंपाला पन्नास मिलिग्रॅमच्या मात्रेने दहा ग्रॅम तेल लागेल. शंभर किलो ओल्या गवती चहातून तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघते. म्हणजे त्या एका पिंपासाठी दोन-तीन किलो गवत कापून भट्टी लावावी लागेल. हे अशक्य नाही. पण तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीला जवळजवळ दीड किलो तेल, म्हणजे तीन-चारशे किलो गवत! सुगंधी तेल उडून जाणारे असते. त्याचा सुगंध हाच त्याचा पुरावा आहे. उघड्या पाण्यावर दिवस-दोन दिवसांत त्याचा प्रभाव ओसरतो, आणि अळीपासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. याउलट टेमेफॉस लिटरला एक मिलिग्रॅम पुरते आणि काही आठवडे टिकते. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, ते मिसळण्यासाठी दुसरे द्रव्य लागते. आणि भातखाचरात ते ओतले तर अळ्या खाणारे पाणकिडे व मासेही त्याच्या तडाख्यात सापडतील. वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत भाबडी आहे.

गंमत अशी की बिरवाडीलगतच्या महाड औद्योगिक वसाहतीत टर्पेंटाइनपासून सुगंधी रसायने बनतात. ती याच कुळातली. उद्या अशा तेलाची बाटली बाजारात आली, तर तिच्यावर पानाफुलांचे चित्र असेल आणि किंमत मात्र शहरी ग्राहकाच्या खिशाला बेतलेली असेल. खानदेशात हे पूर्वीच घडून गेले आहे. तिथल्या रानातल्या तिखाडीचे रोशा तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. गवत कापणाऱ्याच्या पदरात मजुरीपलीकडे काय पडले असेल, हे सांगायला इतिहासकार नको.

तेलांचे संशोधन सोडून द्यावे, असा याचा अर्थ नाही. ते सार्वजनिक संस्थांत व्हावे आणि त्याचे फळ सार्वजनिक राहावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात दिलेली आहे. साल काढल्यावर उरणाऱ्या पानांच्या तेलाची चाचणी कोकणातल्या डासांवर, कोकणातल्या पाण्यात व्हावी, ही मागणी रास्त आहे. पुदुच्चेरीच्या केंद्रीय संस्थेत अळ्यांना मारून माशांना न दुखवणाऱ्या जिवाणूवर काम झाले, ते सरकारी पैशानेच.

दरम्यान पिंप पिंपाच्या जागीच आहे. ते भरून का ठेवावे लागते? पावसाळ्यात जिथे आभाळ फाटते त्याच महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असा उपदेश आरोग्यसेवक करतो तेव्हा चार दिवसांचे पाणी ओतून देण्यास बाई तयार होत नाही. ती अडाणी असते म्हणून नव्हे, तर उद्या नळ येईल याची तिला खात्री नसते म्हणून. चवदार तळ्याच्या तालुक्यात पाणी हा आरोग्याइतकाच न्यायाचा प्रश्न आहे, हे कार्यकर्त्यांना निराळे सांगण्याची गरज नसावी.

पावसाआधीच्या ग्रामसभेत म्हणून साधे प्रश्न विचारले जावेत. वाडीवार किती पिंपे आणि टाक्या आहेत, त्यांपैकी किती झाकलेल्या? वापरातल्या नसलेल्या विहिरींत गप्पी मासे सोडले का? आरोग्य केंद्रातल्या सेवकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? नळाला पाणी किती दिवसांनी येते? पिंप रिकामे झाले की ते आतून घासले पाहिजे, नुसते ओतून चालत नाही, हेही घरोघर सांगितले जावे; कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी आले की पुन्हा उबतात.