परदेशगमन आणि मागें राहणारें ऋण



ज्युबिलीच्या या समारंभांत आम्हीं प्रभुमंदिराच्या उभारणीविषयीं व पूर्वीच्या धर्मगुरूंच्या श्रमांविषयीं बोलावें, अशी आपणांपैकीं कित्येकांची अपेक्षा असेल. तो इतिहास या पुस्तिकेच्या इतर पानांवर येणारच आहे. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें एका घरगुती गोष्टीविषयीं. ती चारचौघांत काढली म्हणजे माणसें खालीं पाहूं लागतात, म्हणूनच ती सर्वांच्या समक्ष काढणें आम्हांस योग्य वाटतें. ती गोष्ट म्हणजे कर्ज. आणि तेंही परदेशीं निघालेल्या जोडप्यानें घरीं मागें ठेवलेलें कर्ज.

गेल्या कांहीं वर्षांत बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला मागण्यासाठीं जीं तरुण जोडपीं आमच्याकडे येतात, त्यांतील पुष्कळांचा हेतु एकच असतो. कोणी कॅनडाला, कोणी इंग्लंडला, कोणी आखातांत निघालेलें असतें. दाखला लिहून देतांना आम्ही सहज विचारतों, "घरावर देणें किती आहे?" नवरा बायकोकडे पाहतो, बायको दाराकडे पाहते, आणि उत्तर येतें, "फादर, तिकडे गेलों म्हणजे वर्षभरांत फेडूं." त्या एका वर्षाविषयींच आज बोलूं.

परमुलूख आम्हां रत्नागिरीकरांस नवा नाहीं. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर नेले जाऊं लागले; पुढें मुंबई बंदरांतून तिकडे गेलेल्या जहाजांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचीं माणसें होतीं. मग मुंबईंत गिरण्या निघाल्या आणि घरटी एक माणूस तिकडे गेला. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरीचें काम हातीं घेतलें, आणि त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें कोंकणचा संसार पोस्टमनच्या पिशवीवर चालला. जुन्या पद्धतीची ती मनिऑर्डर २०१५ सालीं बंद झाली. त्या व्यवस्थेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी होती. जात असे तो पुरुष. बाई घरीं राही. वाण्याची उधारी किती, सावकाराचें व्याज कोणत्या महिन्यांत द्यावयाचें, आंब्याच्या बागेवर आगाऊ रक्कम किती उचलली, हें सारें तिला तोंडपाठ असे. मनिऑर्डर हातीं आली म्हणजे कोणास किती द्यावयाचें हें ती ठरवी. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढून आखातांत कामें निघालीं, तेव्हांही बहुधा पुरुषच गेला, आणि बाईची नजर हिशेबावर राहिली.

आतां पतिपत्नी दोघेंही जातात. हें आम्हांस बरेंच वाटतें. दहा दहा वर्षें दुरावलेल्या संसारांचे हाल आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. परंतु दोघेंही गेलीं म्हणजे कर्जावर नजर ठेवणारें घरांत कोणी उरत नाहीं. खरें बोलावयाचें तर तें सत्तरीच्या बापाच्या गळ्यांत पडतें. त्यानें तें काढलेलें नसतें, आणि त्याचा हप्ता कोणत्या तारखेस जातो हेंही त्याला ठाऊक नसतें.

हें कर्ज होतें कशानें, तें प्रथम पाहूं. कॅनडांत शिकावयास जाणाऱ्या एकट्या माणसास निर्वाहापुरते पैसे दाखवावे लागतात. ती रक्कम पूर्वीं १०,००० डॉलर होती. २०२४ सालीं ती २०,६३५ करण्यांत आली होती, आणि बरोबर पत्नी किंवा पति असेल तर अधिक. फी व प्रवासखर्च निराळाच. इंग्लंडांत आरोग्यसेवेसाठीं आगाऊ भरावयाचा आकार फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणसामागें सालीना १,०३५ पौंड झाला. जोडप्यानें तीन वर्षांचा परवाना मागितला तर ६,२१० पौंड पाऊल टाकण्यापूर्वींच द्यावे लागतात. कांहीं नोकऱ्यांना, विशेषतः परिचारिकांना, यांतून सूट आहे. ती आपणांस लागू आहे कीं नाहीं हें कर्ज काढण्यापूर्वीं पाहावें, नंतर नव्हे. आखाताची गोष्ट वेगळी. तेथें नोकरीस पाठविणाऱ्या परवानाधारक एजंटास १९८३ च्या परदेशगमन कायद्याखालील नियमांप्रमाणें उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर, याहून अधिक घेतां येत नाहीं. याच्या कित्येक पट रक्कम देऊन आलेलीं माणसें आम्हांस भेटलीं आहेत, आणि पावती मागितली काय असें विचारलें तर तीं हंसतात. पावती मिळत नसेल तर पैसे देऊं नका. जो एजंट पावतीस भितो तो तुम्हांस दुसऱ्या देशांत कोणत्या दारांत उभें करील, याचा विचार करा.

आतां एका घरची हकीकत सांगतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. मुलगा यंत्रशाळेंत कामाला, सून परिचारिका. दोघांनीं जाण्याचें ठरविलें. घर तारण ठेवून एक कर्ज काढलें, मुलानें पगारावर दुसरें काढलें, सुनेचें सोनें गहाण पडलें, आणि तरीही कमी पडलें तें मावसभावाकडून हातउसनें घेतलें. बँकेंत बापाला नेलें व "नुसती सही पाहिजे" असें सांगून जामीन केलें. जोडपें गेलें. तिकडे सुनेची नोंदणीची परीक्षा लांबली, आठ महिने एकाच्याच मजुरीवर दोघें राहिलीं, आणि येथले हप्ते थकले. बँकेची नोटीस घरीं आली. बापाला इंग्रजी वाचतां येईना. बायकोला धास्ती नको म्हणून त्यानें ती तसबिरीच्या मागें खोंचून ठेवली. तारण कर्जाच्या वसुलीसाठीं २००२ चा जो कायदा आहे, त्याप्रमाणें नोटिशीनंतर साठ दिवसांची मुदत असते. पुढें बँकेस तारणाचा ताबा घेतां येतो. ते साठ दिवस तसबिरीमागेंच गेले. शेवटीं हापुसाचीं कलमें तीन हंगामांसाठीं एका व्यापाऱ्यास देऊन आगाऊ पैसे घेतले, तेव्हां घर वांचलें. तीन वर्षें म्हाताऱ्यानें आपल्याच बागेंतला आंबा विकत आणला. मुलगा व सून दुष्ट नव्हतीं. त्यांनींही "एक वर्ष" म्हटलें होतें, इतकेंच.

जामीन हा शब्द आपण फार हलका केला आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, कराराांत निराळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोनें आधीं ऋणकोला गांठावें आणि मग जामिनाकडे यावें, असा क्रम कायद्यानें घातलेला नाहीं. मुलगा टोरांटोंत आणि बाप रत्नागिरींत, तर बँक कोणाचें दार ठोठावील? कांहींजण म्हणतात, देश सोडला म्हणजे तीन वर्षांत कर्ज मुदतबाह्य होतें. हेंही खोटें. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतील पंधराव्या कलमाप्रमाणें प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर असेल तितका काळ मुदतींत धरला जात नाहीं. माणूस बाहेर आहे तोंपर्यंत घड्याळच थांबतें. आणि जे तिकडे कर्ज काढून इकडे पळून येण्याचें मनांत आणतात त्यांनींही ऐकावें: जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातींतील दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयांत बजावतां येतात.

मग करावें काय? आमचें पहिलें म्हणणें असें कीं, निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्व घरानें एकत्र बसावें: आई, बाप, सून, मुलगा, घरीं राहणारा भाऊ, सर्वांनीं. एका वहींत प्रत्येक देणें लिहावें: कोणाचें, मुद्दल किती, व्याज किती, हप्त्याची तारीख कोणती, तारण काय, जामीन कोण. बँकेचें लिहावें तसें वाण्याचेंही लिहावें, आणि बहिणीच्या बांगड्या मोडल्या असतील तर त्याही. बहिणीच्या बांगड्या बहुधा वहींत येत नाहींत; तिला व्याज द्यावयाचें नसतें, आणि ती मागतही नाहीं, म्हणून तें देणें सर्वांत शेवटीं फिटतें किंवा फिटतच नाहीं. व्याज नसलेलें ऋण हें हलकें ऋण नव्हे.

मग आंकडे मांडावेत. खासगी सावकार "शेंकडा तीन" म्हणतो तें दरमहाचें असतें. लाखावर तें वर्षाला ३६,००० रुपये होतें. बँकेनें सालीना बारा टक्क्यांनीं दिलें तर १२,०००. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखालीं सावकारास परवाना लागतो, शेतीखेरीज इतर कर्जावर तारण असल्यास सालीना १५ व नसल्यास १८ टक्के अशी मर्यादा घातली गेली, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. जुन्या लोकांस दामदुपटीचा नियम म्हणून हें ठाऊक होतेंच. परवाना नसलेल्याकडून घेतलें असेल तर प्रथम तेंच फेडावें. गहाण सोनें विकून तें फिटत असेल तर सोनें विकावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आयांना हें रुचणार नाहीं. परंतु जें सोनें दरवर्षीं स्वतःचेंच व्याज खातें तें अंगावर घालतां येत नाहीं आणि मुलीलाही देतां येत नाहीं. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितींत चुकूं नये, मग त्याचें व्याज सर्वांत कमी कां असेना, कारण त्या छपराखालीं म्हातारीं माणसें राहतात.

आणि उत्पन्न थांबूं शकतें हें धरूनच चालावें. जानेवारी १९८२ मध्यें गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हां सुमारें अडीच लाख कामगारांची मजुरी थांबली आणि त्यांतील कित्येकांच्या गांवाकडच्या मनिऑर्डरी आटल्या. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तेथें होते. त्यांना अम्मानमार्गें विमानांनीं परत आणलें. पगार व ठेवी तिकडेच अडकल्या. त्यांचा कांहीं दोष नव्हता, पण इकडचें व्याज कुवेतसाठीं थांबलें नाहीं. म्हणून निदान सहा महिन्यांचे हप्ते येथील खात्यांत ठेवल्याखेरीज विमानांत पाय ठेवूं नये. तेवढे जमत नसतील तर एक वर्ष उशिरां जावें. दोघांपैकीं एकानें आधीं जाऊन कर्ज फेडावें व मग दुसऱ्यानें जावें, असें पुष्कळजण सुचवितात. हिशेबानें तें बरोबर दिसतें. पण वर्षाचीं पांच होतात हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आमचा कल उशिरां, परंतु एकत्र, जाण्याकडे आहे.

बँकेच्या बाबतींत दोन बारीक गोष्टी. परदेशीं नोकरीस गेलेल्या माणसास परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणें आपलें येथील साधें बचत खातें अनिवासी खात्यांत बदलून घ्यावें लागतें. तें बदलतांना हप्ता कापण्याची जुनी सूचना तशीच चालू राहील असें गृहीत धरूं नये. बँकेकडून लेखी घ्यावें. दुसरें, मुखत्यारपत्र. तें निघण्यापूर्वींच करावें, आणि त्यांत कर्ज भरण्याचा, बँकेशीं पत्रव्यवहार करण्याचा अधिकार द्यावा. जमीन विकण्याचा देऊं नये. सातबाऱ्यावर आधींच आठ नांवें असतात. त्यांत एक मोकळें मुखत्यारपत्र शिरलें म्हणजे काय होतें तें कोर्टांत जाऊन पाहावें.

पहिला पगार आल्यावरचा मोह सर्वांत मोठा. घराला नवा रंग, नवी गाडी, धाकट्याच्या लग्नांत पांचशें पानें. आपल्याच गांवच्या टेकडीवर त्याचें स्मारक उभें आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ सालीं राणीसह येथें आणला गेला, स्वेच्छेनें नव्हे, हें खरें. सरकारचें ठराविक वेतन, आणि राखावयाचें राजाचें मोठेपण; बरोबर आणलेले माणकांचे खडे विकले गेले, सावकारांचें कर्ज झालें. नवा राजवाडा १९१० च्या सुमारास झाला आणि १९१६ सालीं राजा येथेंच वारला. परक्या मुलखांत मोठेपण राखणें किती महाग पडतें, हें पाहावयास आपणांस लांब जावें लागत नाहीं.

एक गोष्ट धर्मग्रामानें करण्यासारखी आहे. वसईंत १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक लोकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आज बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक आहे. आपण संख्येनें थोडे आहोंत, आपल्याच्यानें बँक निघणार नाहीं. पण कागद वाचून दाखविणारीं चार माणसें तरी आपल्यांत आहेत. बँकेंतून निवृत्त झालेले आपले दोन बांधव आणि एक वकील भगिनी यांनीं मान्य केलें आहे कीं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मिस्सानंतर ते आमच्या ओसरीवर बसतील. ज्यांच्या घरीं इंग्रजी पत्र आलें असेल आणि तें वाचतां येत नसेल, त्यांनीं तें तसेंच घेऊन यावें. पाकीट फोडलेलें नसलें तरी चालेल. निघालेल्या जोडप्यांनीं येतांना आईबापांस बरोबर आणावें, कर्जाचे करार, सोन्याच्या गहाणाच्या पावत्या आणि एजंटाचे कागद आणावेत. आंब्याच्या बागेचा करार तोंडी झाला असेल, तर ज्याच्याशीं झाला त्या व्यापाऱ्यालाही बोलवावें. तो येईल, आम्हीं त्याला विचारलें आहे.