किशोरांची मंडळीतील सेवा

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २ फेब्रुवारी १८८१ रोजी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, फ्रान्सिस क्लार्क यांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही युवक-संस्था स्थापन केली. प्रत्येक साप्ताहिक प्रार्थनासभेत उपस्थित राहून अल्पसा का होईना, सहभाग घेण्याची प्रतिज्ञा सभासद करीत. शिवाय सभेचे आयोजन, नव्या सभासदांचा शोध, स्नेहमेळावे अशी कामे त्यांच्याच समित्यांकडे सोपविलेली असल्याने, एरवी केवळ श्रोते राहणारी मुलेमुली जबाबदार सेवक बनत. पुढे अनेक देशांत आणि प्रॉटेस्टंट पंथांत पसरलेल्या या चळवळीचा धडा आजही मोलाचा आहे: किशोरांना ‘उद्याची मंडळी’ म्हणून थांबवून न ठेवता, त्यांच्या कुवतीचे खरे काम आजच सोपविले आणि वडीलधाऱ्यांनी प्रेमाने मार्गदर्शन केले, तर त्यांची श्रद्धा कृतीतून दृढ होते.