पडद्यावरचा अणू आणि हातातली परीक्षानळी

(सुवर्णमहोत्सवी शिक्षक-पालक मेळाव्यात एका विश्वस्तांनी केलेले भाषण)



रसायनशास्त्राच्या अध्यापनाविषयी एका कापड-व्यापाऱ्याने बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा अखेरचा संबंध शालान्त परीक्षेच्या दिवशी आला आणि त्याच दिवशी तो संपला. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. विश्वस्तांच्या एका बैठकीत मी अशी सूचना मांडली होती की, आता सारे प्रयोग संगणकाच्या पडद्यावर फुकट करता येतात. तेव्हा परीक्षानळ्या, आम्ले आणि गॅसच्या शेगड्या यांवरचा खर्च बंद करावा व प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या कामी लावावी. हिशेबाच्या वहीत खर्चाचा रकाना आधी पाहण्याची आम्हा व्यापाऱ्यांची सवय मला नडली. ती सूचना मी आज जाहीरपणे मागे घेत आहे आणि त्यामागची कारणे आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम, हे पडद्यावरचे प्रयोग म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्यांना सिम्युलेशन म्हणतात. आपण आभासी प्रयोग म्हणू. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या शास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ साली, वीमन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. एवढा मोठा संशोधक शाळकरी मुलांना विज्ञान कसे समजेल याची चिंता वाहतो, ही गोष्टच मला वंदनीय वाटते. या प्रकल्पाचे आभासी प्रयोग विनामूल्य आहेत, त्यांतील कित्येक मराठीतही झाले आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात. आपल्या देशातही अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईचे सी-डॅक यांनी मिळून नववी ते बारावीसाठी ‘ओलॅब्स’ ही आभासी प्रयोगशाळा सिद्ध केली आहे.

माझी नात नववीत शिकते. एका सायंकाळी तिने मला संगणकापुढे बसविले. पडद्यावर तीन टोपल्या होत्या : लाल गोळ्या म्हणजे प्रोटॉन, करड्या म्हणजे न्यूट्रॉन आणि निळ्या म्हणजे इलेक्ट्रॉन. तिने सहा प्रोटॉन मध्यभागी ठेवताच ‘कार्बन’ असे नाव उमटले. मग सहा न्यूट्रॉन आणि सहा इलेक्ट्रॉन ठेवले; अणू उदासीन आणि स्थिर झाला. “आजोबा, आता बघा हं,” असे म्हणून तिने आणखी दोन न्यूट्रॉन टाकले. नाव कार्बनच राहिले, पण अणू अस्थिर झाला. एक इलेक्ट्रॉन काढून घेताच तो धन आयन झाला. अणुअंक, समस्थानिक आणि आयन या तीन व्याख्या मी शाळेत अर्थ न समजता पाठ केल्या होत्या. त्या तीनही मला त्या सायंकाळी दहा मिनिटांत उमगल्या. मूलद्रव्याची ओळख केवळ प्रोटॉनच्या संख्येने ठरते, हे मी वयाच्या साठीनंतर डोळ्यांनी पाहिले.

आमच्या धंद्यात कापडाचा पोत पाहण्यासाठी छोटे भिंग ठेवतात. ते कापडावर टेकवून एका इंचात ताण्याचे व बाण्याचे धागे किती आहेत ते मोजतात. अणूसाठी असे भिंग शाळेत कोण ठेवणार? म्हणून जे दिसू शकत नाही ते दाखविणारा पडदा हा शिक्षकांचा मोठा आधार आहे. येथवर माझी सूचना मला अधिकच योग्य वाटू लागली होती.

परंतु त्याच वेळी मी नातीला सहज विचारले, “बाळ, अणूच्या मानाने हे मधले केंद्रक केवढे असते गं?” तिने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, ताटात लिंबू ठेवावे एवढे.” पडद्यावर ते तसेच दिसत होते. मी तिच्या विज्ञान-शिक्षकांना विचारले, तेव्हा त्यांनी खरे प्रमाण सांगितले. अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या सुमारे दहा हजार ते एक लाख पट असतो. केंद्रक दोन मिलिमीटरच्या मोहरीच्या दाण्याएवढे मानले, तर अणूची कड वीस मीटरपासून दोनशे मीटरपर्यंतच्या व्यासाच्या वर्तुळावर येईल. हे प्रमाण पडद्यावर दाखवायचे ठरविले, तर केंद्रक दिसणारच नाही. म्हणून चित्र करणाऱ्याला ते मोठे करावे लागते. तसेच प्रोटॉन काही लाल नसतो, आणि इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरलेल्या वाटेने फिरत नाहीत. त्या आभासी प्रयोगात इलेक्ट्रॉन ढगासारखे दाखविण्याचीही सोय आहे. पण ती कशासाठी, हे कोणी सांगितल्यावाचून मुलांना कळत नाही. चित्र दिशाभूल करीत नाही. चित्रालाच वस्तू समजणे दिशाभूल करते. आम्ही गिऱ्हाइकाला नमुन्यांचे पुस्तक दाखवितो, पण सदरा त्या पुस्तकाचा शिवीत नाहीत.

अणूचा इतिहासही हेच सांगतो. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला. कलिंगडात बिया असाव्यात तसे धनप्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन विखुरलेले आहेत, असे त्यांचे प्रारूप होते. १९०९ साली गायगर आणि मार्सडन यांनी धातूच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ निघून गेले. पण फार थोडे, हजारोंत एखादा, उलटे फिरले. त्यावरून १९११ साली रदरफोर्ड यांनी अणूच्या पोटात केंद्रक असल्याचे सांगितले. १९१३ साली बोर यांनी ते प्रारूप सुधारले आणि १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. हा मारा आज आपला विद्यार्थी पडद्यावर करू शकतो. थॉमसनच्या अणूवर केला तर कण सरळ जातात. रदरफोर्डच्या अणूवर केला तर काही वळतात, एखादा परत येतो. एक प्रारूप का सोडावे लागले, हे त्याला स्वतः ताडून पाहता येते.

अनेकान्ताची शिकवण ऐकत वाढलेल्या आपणांस, एका चित्रात वस्तूचे संपूर्ण स्वरूप मावत नाही, हे नव्याने सांगायला नको. मात्र याचा अर्थ सगळी चित्रे सारखीच खरी असा नव्हे. कोणते टिकेल हे प्रयोग ठरवितो. आणि तो प्रयोग खऱ्या पत्र्यावर झाला होता, पडद्यावर नव्हे.

माझ्या जुन्या सूचनेच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोलोरॅडोतील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आभासी साधनांवर विद्युत मंडले शिकलेले विद्यार्थी खऱ्या साधनांवर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. खरे मंडल जोडण्यातही ते मागे पडले नाहीत. पण तो अभ्यास तारा आणि दिव्यांचा होता. रसायनशास्त्रात वास, उष्णता आणि धोका या गोष्टी आहेत. पाण्यात आम्ल हळूहळू घालावे, आम्लात पाणी ओतू नये, हा नियम पडद्यावर मोडला तर कोणाचाही हात भाजत नाही. ब्युरेटमधून एक थेंब अधिक पडला आणि द्रावण एकदम गडद गुलाबी झाले, म्हणजे सारे अनुमापन पुन्हा करावे लागते. त्या एका थेंबाने जी सावधगिरी शिकविली जाते, तिला पर्याय नाही. शिवाय आपल्या विद्यालयात अशी कित्येक मुले आहेत, ज्यांना खरी परीक्षानळी हाती धरण्याची संधी दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. ती संधी मी काढून घ्यायला निघालो होतो, याची मला खंत आहे.

तेव्हा विश्वस्त मंडळाला माझी तीन नम्र निवेदने आहेत.

पहिले, सुवर्णमहोत्सवी निधीतून संगणक अवश्य घ्यावेत, पण तितक्याच अगत्याने प्रयोगशाळेची दुरुस्ती करावी. एकाचे पैसे कापून दुसऱ्याला देऊ नयेत. गेल्या बैठकीचा माझा प्रस्ताव इतिवृत्तात ‘मागे घेतला’ असा नोंदवावा.

दुसरे, पडद्यावरचा प्रयोग मुलांना नुसता खेळायला देऊ नये. कळ दाबण्यापूर्वी प्रत्येकाने ‘काय होईल असे मला वाटते’ ते वहीत लिहावे. मग करून पाहावे. मग ताळा घ्यावा. जेथे अंदाज चुकला, तेथेच शिक्षण सुरू होते. आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी शिक्षकांनी एक प्रश्न विचारावा : या चित्रात खरे नाही ते काय?

तिसरे, हे सारे शिक्षकांच्या खांद्यावर आहे. यंत्र घेताना आपण सोहळा करतो, पण ते वापरायला शिकण्यासाठी शिक्षकांना वेळ देत नाही. त्यांना हे प्रयोग आधी स्वतः करून पाहता यावेत म्हणून आठवड्यातून दोन तासिका मोकळ्या मिळाव्यात.

जाता जाता एक सांगतो. त्या सायंकाळनंतरच्या रविवारी नातीने आणि मी विद्यालयाच्या मैदानाच्या मधोमध मोहरीचा एक दाणा ठेवला आणि चालत निघालो. कुंपणापाशी पोहोचून मागे वळून पाहिले, तर दाणा अर्थातच दिसत नव्हता. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आजोबा, म्हणजे मध्ये सगळं रिकामंच?” हा प्रश्न तिला ना पडद्याने सुचविला, ना पुस्तकाने. पडदा, मैदान आणि प्रयोगशाळा या तिन्हींची गाठ पडली, तेव्हा तो उमटला. असे प्रश्न विचारणारी मुले आपल्या विद्यालयातून घडोत, एवढीच भावना व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवितो.