वाचणारा कंठ, ऐकणारे मन



पुस्तक हाती घेऊन वाचताना लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी नसते. श्राव्य पुस्तकात मात्र एक तिसरी व्यक्ती येते. तिचा आवाज मनाला रुचला नाही, तर उत्तम कादंबरीही पहिल्या प्रकरणातच बंद होते. २०१७ साली स्टोरीटेलची सेवा भारतात आली आणि भ्रमणध्वनीवर मराठी पुस्तके ऐकण्याचा प्रघात वाढला. साहजिकच, चांगले वाचन कशाला म्हणावे हा प्रश्न आता घरोघरी आला आहे.

त्याचे उत्तर आपल्या पूर्वसूरींनी देऊन ठेवले आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील ग्रंथात पाठकाचे सहा गुण सांगितले आहेत : माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची योग्य फोड, सुस्वर, धैर्य आणि लय. यांतील गळ्याची देणगी सोडली, तर बाकीचे सारे अभ्यासाने साधणारे आहे. अधम पाठकही सहाच : गाऊन वाचणारा, घाई करणारा, मान हलविणारा, केवळ लिहिलेले वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण कंठाचा. मान हलविण्याचा दोष आज क्षुल्लक वाटेल. परंतु ध्वनिग्राहकापासून तोंड जरा दूर गेले की शब्दाचा शेवट विरतो, हे ध्वनिमुद्रण करणारा प्रत्येक जण जाणतो.

यांत सर्वांत घातक दोष अर्थ न जाणण्याचा. ‘जरा’ हा शब्द लिहिताना एकच. पण ‘थोडे’ या अर्थी ‘ज’चा उच्चार एक आणि ‘वार्धक्य’ या अर्थी दुसरा. ‘मूळ’चे ‘मूल’ झाले की वाक्यच बदलते. डोळ्यांनी वाचणारा थांबून मागे जातो. ऐकणारा वाचकाच्या स्वाधीन असतो. यंत्राने निर्माण केलेला आवाज आज कधी थकत नाही, अडखळत नाही. पण प्रसंग न समजता उच्चारलेले वाक्य, मग ते माणसाचे असो वा यंत्राचे, मनाला भिडत नाही.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी महाराष्ट्रात कथाकथन लोकप्रिय केले. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही कथा ऐकताना श्रोते हसत, ते केवळ विनोदाला नव्हे. बोलीचा हेल, नेमका विराम आणि स्वतः न हसण्याचा संयम यांनी ती गावची माणसे समोर उभी राहत.

हा केवळ रंजनाचा विषय नाही. दृष्टिहीन बांधवासाठी वाचकाचा कंठ हेच पुस्तकाचे पान असते. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलाला ‘ळ’ आणि ‘ण’ यांची ओळख अनेकदा कानांवाटेच होते. त्या कानांवर जे पडेल, तेच त्याचे मराठी होईल.

म्हणून पुस्तक निवडताना लेखकाच्या नावाबरोबर वाचकाचे नावही पाहावे, आरंभीची काही मिनिटे ऐकावीत आणि मगच ते मुलांच्या हाती द्यावे. आठवड्यातून एक दिवस घरातील वडीलधाऱ्यांनी एखादी कथा मोठ्याने वाचावी. आजीच्या आवाजात ऐकलेली गोष्ट मूल कधी विसरत नाही. उद्याचे चांगले वाचक त्याच श्रोत्यांतून घडणार आहेत.