दहा फूट म्हणजे किती मीटर?
(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'बालपणानं काय शिकवलं यावर दहा मिनिटं बोल,' असं संयोजकांनी सांगितलं आहे. मी अडतीस वर्षं माती मोजण्यात घालवली. त्यामुळे बोलणंही मातीवरच येणार, तेवढं सांभाळून घ्या.

सकाळपासून तिघाचौघांनी इथे येऊन सांगितलं, की बहात्तरच्या दुष्काळानं आपल्याला घडवलं. मला ते पटत नाही. त्या दुष्काळानं आपल्या गोठ्यातली जनावरं नेली, कुणाच्या घरातली म्हातारी माणसं नेली. मिलोची ती लालसर भाकरी आठवते ना? आणि सुकडी? आज आपण सुकडीच्या आठवणी हसत सांगतो, कारण आता पोट भरलेलं आहे. उपासमार कुणाला काही शिकवत नाही. शिकवलं ते त्या काळात आपल्याशी नीट वागलेल्या माणसांनी. त्यातल्या एकाविषयी बोलतो. ते हायस्कूलचे नव्हते. आपल्यातले बरेच जण ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून इथे आलो, तिथे चौथीला ते आपले गुरुजी होते.

गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आमची आई आणि थोरली बहीण तिथे माती उपसायला जात. मजुरी दिवसावर नव्हती, मापावर होती. प्रत्येक टोळीनं आपला खड्डा खणायचा आणि त्यात मध्ये मातीचा एक खांब तसाच सोडायचा. त्या खांबाचा माथा म्हणजे मूळ जमीन. मोजणारा माणूस आठवड्यानं येई, खांबाच्या माथ्यापासून खाली खोली मोजी, लांबी-रुंदी घेई आणि वहीत लिही. बायका बोलायच्या फुटात आणि ब्रासमध्ये. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. वही मात्र मीटरमध्ये होती.

एके दिवशी गुरुजींनी वर्गात विचारलं, "दहा फूट म्हणजे किती मीटर?" आम्ही एका सुरात म्हणालो, "तीन!" ते काही बोलले नाहीत. पट्टी काढायला सांगितली. आपली ती लाकडी पट्टी, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. बारा इंचांची रेघ तीस सेंटिमीटरच्या किंचित पुढे जाते. अर्ध्या सेंटिमीटरलाही थोडी कमीच. "एवढंसं तर आहे," कुणीतरी म्हणालं. मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. दशांश आम्हाला नीट येत नव्हते, पण शेवटचे दोन आकडे मला अजून दिसतात. खरा एक ब्रास २.८३ घनमीटर. तीन गुणिले तीन गुणिले ०.३ केलं, तर २.७. म्हणजे साधारण एकवीस-बावीस ब्रासमागे एक अख्खा ब्रास गायब! तो खणलेला होता, डोक्यावरून वाहिलेला होता, फक्त वहीत नव्हता.

वर्गात एकदम गलका झाला. "गुरुजी, तो चोर आहे!" गुरुजी म्हणाले, "चोर म्हणू नका. दिवसाला किती खड्डे मोजतो तो, ते पाहिलंय का? तीन लिहिणं सोपं, म्हणून तीन लिहितो. त्याला हिशेब दाखवू." शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते स्वतः तलावावर गेले आणि त्या माणसाला सावलीत बसवून कागदावर गणित करून दाखवलं. पुढच्या आठवड्यापासून टेप सेंटिमीटरपर्यंत वाचली जाऊ लागली. मागच्या आठवड्यांचे पैसे मात्र कुणाला मिळाले नाहीत. तेही सांगायला हवं.

आपली दहावीची परीक्षा मार्च १९७९ ची. त्याच वर्षी २६ जानेवारीला रोजगार हमीचा कायदा अमलात आला. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा पहिला प्रयोग १९६५ साली केला होता. विसापूर आपल्यापासून काही फार लांब नाही. परीक्षेच्या गडबडीत आपल्याला याचा पत्ताही नव्हता. पुढे कराडहून डिप्लोमा करून मी खात्यात लागलो, तर हातात आलं ते याच कामांचं मोजमाप पुस्तक. आता वही माझ्याकडे होती.

मी एकच सवय ठेवली. आकडा लिहिण्याआधी मोठ्यानं म्हणायचा. लांबी इतकी, रुंदी इतकी, खोली इतकी. सगळ्या टोळीला ऐकू जाईल असा. वेळ जास्त लागतो म्हणून वरिष्ठांचं ऐकून घ्यावं लागलं. एका कामावर एक आजी होती. अक्षर ओळख नाही, पण मी आकडा म्हणाला, की ती पदराला गाठ मारी. पगाराच्या दिवशी ती गाठी एकेक करून सोडी आणि शेवटची गाठ सुटली, की नोटा कमरेला खोची. माझ्या कामाची याहून कडक तपासणी कुठल्या ऑडिटनं केली नाही. आता जेसीबी एका दिवसात तळं खणतो, मध्ये खांब सोडायची गरज कुणाला वाटत नाही. कामं लवकर होतात, हे चांगलंच आहे. पण मूळ जमीन कुठे होती ते मागाहून कळत नाही.

यावरून एक गोष्ट बोलतो, संयोजकांनी रागावू नये. आजच्या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालावरून केली. दुष्काळ सरला त्या जूनमध्ये, १९७३ ला, आपण पाचवीत आलो. परवा मी शाळेत येऊन त्या वर्षीचं जनरल रजिस्टर पाहिलं. पाचवीतली जवळजवळ निम्मी नावं दहावीच्या फोटोत नाहीत. त्यात मुली जास्त आहेत. काहींची लग्नं झाली, काही ऊसतोडीला गेले, काही मुंबईत हमालीला. माझ्या बाकावर बसणारा सहावीत शाळा सोडून गेला. वर्गात पाढे त्याच्याइतके कुणाला येत नव्हते.

ती नावं मी लिहून आणली आहेत. स्मरणिकेच्या शेवटी पत्त्यांची यादी छापणार आहात, तिच्यात ती घालावीत. पत्ते हळूहळू मिळतील. त्यातले तिघे तर इथेच आहेत, दोघे एसटी स्टँडच्या मागे राहतात आणि एक जण ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. आपण आज जमलोय हे त्यांना माहीत आहे. मांडव त्यांच्या दारावरूनच आला.

जेवणाला अजून तासभर अवकाश आहे. माझी गाडी फाटकाबाहेर उभी आहे, चार जण बसतील. कोण कोण येतंय?